आवाजांची हजेरी

पहिले तीन आठवडे आम्हाला सरांचा फक्त कान दिसला. उजवा. त्यावर चष्म्याची काडी, कडेला पांढरे केस आणि मागं भिंतीवरच्या कॅलेंडरचा अर्धा महिना. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचं ते ऑनलाइन प्रशिक्षण होतं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले आम्ही ऐंशीएक शिक्षक आपापल्या छोट्या चौकटीत बसलेलो आणि मधल्या मोठ्या चौकटीत तो कान. बऱ्याच जणांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कॅमेरा लावता येत नसेल. शेवटी किनवटकडच्या एका शिक्षकानं धीर करून सांगितलं की सर, तुमचा चेहरा दिसत नाही.

"मला मालूम आहे," सर म्हणाले. "मी तुम्हाला ऐकून राहिलो. ऐकताना कान पुढं करायचा असतो. चेहऱ्याचं काय काम आहे त्यात?"

त्या शिक्षकानं आपला माइक बंद केला आणि आम्ही सगळे पुन्हा कानाकडं बघत बसलो.

सर लातूरला राहायचे. मूळचे उदगीरकडचे. शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात मराठीची अध्यापन पद्धती शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. प्रशिक्षण द्यायला माणसं कमी पडली म्हणून निवृत्तीनंतर त्यांना बोलावलं होतं आणि बोलावणाऱ्यांना लवकरच त्याचा पश्चात्ताप झाला असावा. कारण वरून आलेली पीपीटी दाखवायची, असा नियम होता. सर नियम मोडायचे नाहीत. ते चाळीस स्लाइड दोन मिनिटांत सरकवायचे, इतक्या वेगानं की मोबाईल गरगरल्याचा भास व्हायचा, आणि मग म्हणायचे, "हे वरचं काम झालं. आता इत्मीनानं, निवांत आपलं काम करू."

आपलं काम म्हणजे हजेरी. नव्वद मिनिटांच्या तासात चाळीस मिनिटं ती चालायची. सर एकेक नाव घ्यायचे आणि त्यावर 'हजर' म्हणायची बंदी होती. ज्याचं नाव येईल त्यानं, या क्षणी आपल्या कानावर काय पडतंय ते एका वाक्यात सांगायचं. धर्माबादचे एक शिक्षक सांगायचे, शेजारी मिरची कांडपाचं यंत्र चालू आहे आणि आमच्या मंडळीची शिंक. किनवटच्या आश्रमशाळेतल्या एक बाई सांगायच्या, वसतिगृहाच्या नळावर पोरींच्या बादल्या. कुणी म्हणालं की काहीच ऐकू येत नाही, शांतता आहे, तर सर त्याला थांबवून ठेवायचे. "नीट ऐका, आम्ही थांबतो." आणि खरंच ऐंशी जण थांबायचे. मग तो बिचारा सांगायचा की भिंतीवरचं घड्याळ, किंवा स्वतःचा श्वास. सर खूश होऊन पुढचं नाव घ्यायचे. भाषा शिकवायची म्हणजे आधी पोराचं ऐकायचं, एवढंच त्यांना शिकवायचं होतं. पण ते वाक्य त्यांनी कधी तसं उच्चारल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा सांगत बसले तर वेळ पुरायचा नाही. ते गुण सातपैकी द्यायचे. दहापैकी दिले की मास्तर लोक सहावर खूश होतात, सातपैकी काय मिळालं हे चटकन कळत नाही, मग जरा विचार करावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. तासाला बसताना गूळ-शेंगदाणे घेऊन बसायचे आणि ते चावल्याचा आवाज ऐंशी घरांत जायचा. सकाळी साडेसहाला कुणालाही फोन करायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न. एकदा मला विचारलं, वर्गात सगळ्यात कमी बोलणाऱ्या पोराचं नाव काय? मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या घरी कोण जास्त बोलतं?" मला सांगता आलं नाही. त्यांनी फोन ठेवून दिला.

आता माझं सांगते. तेव्हा मी लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षणसेवक होते. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर काम करायचं, काम नीट केलं तर नोकरी कायम, नाही तर घरी. माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. फाइलमध्ये दोनच कागद यायचे राहिले होते, एक या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि दुसरा आमच्या मुख्याध्यापकांचा अहवाल. माझ्या मायनं लोकांच्या रानात मजुरी करून मला डी.एड. केलं होतं. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिलीच. त्यामुळं ते दोन कागद म्हणजे काय होतं हे वेगळं सांगायला नको.

आणि अशा वेळी मी एक उपद्व्याप करून ठेवला होता.

आमच्या भागातल्या पाच-सहा शाळांत भाषा शिकवणारे आम्ही दहा जण. त्यातली सगळ्यात लहान मी, आणि कॉम्प्युटर येणारीही मीच. पहिल्या आठवड्यात आमच्या मुख्याध्यापकांनी, ते माझ्या माहेरच्याच गावचे आणि त्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणायचे, आपला जुना मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, बाई, ते प्रशिक्षणाचं तेवढं बघा, आम्हाला या वयात काय जमणार? माझा अहवाल त्यांच्या हातात. मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात आणखी तीन मोबाईल आले. बाकीच्या पाच जणांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाठवले. एका महिन्यात मी नऊ जणांचं प्रशिक्षण करायला लागले. नऊ जणांचे व्हिडिओ माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर चालायचे, नऊ जणांच्या चाचण्या मी सोडवायचे. आमच्याकडं त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ज्याला येतं त्यानं बाकीच्यांचं उरकून द्यायचं, अशीच रीत पडली होती.

हजेरीनं मात्र माझी फजिती केली. शनिवारी दुपारी दोनला तास असायचा. चार मोबाईल आणि पासवर्डवाल्या पाच जणांसाठी लॅपटॉप ओट्यावर, माझा मोबाईल कानाला. ज्याचं नाव येईल त्याच्या खात्यावरून मी पटकन टाइप करायचे, 'सर माइक बिघडला आहे', आणि पुढं एखादा आवाज. आवाज कुठून आणायचे? मी मनानं रचायचे. एकाला पिठाची गिरणी दिली, एकाला म्हशीचं हंबरणं. मोठ्या गुरुजींना त्यांच्या मानाला शोभेल असं काहीतरी द्यावं म्हणून मी लिहिलं, 'मोर ओरडतोय.' सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, भर दुपारी? कोणत्या झाडावर? मी घाईनं लिहिलं, चिंचेवर. सर म्हणाले, बरं, त्याला माझा नमस्कार सांगा. पुढच्याच शनिवारी तीन माइक चुकून चालू राहिले आणि तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन शिक्षकांच्या घरी एकाच वेळी कुकरची तिसरी शिट्टी झाली. कान तेवढा स्क्रीनच्या आणखी जवळ आला. मला वाटलं, सुटलो.

शेवटच्या महिन्यात लेखी काम आलं. विषय होता, 'मला वाचता आलं तो दिवस'. दोन पानं, स्वतःच्या अनुभवातून, प्रत्येकानं स्वतंत्र. असलं लेखन कुणी वाचत नाही हे आम्हाला पाठ होतं. फाइल चढवली की हिरवी खूण येते आणि विषय संपतो. तरी नऊ ठिकाणी एकच मजकूर टाकायला मला लाज वाटली. मग मी नऊ बालपणं लिहिली. आठ दिवस शाळा सुटल्यावर तेच करत होते. एकाला मी एसटीच्या पाटीवर वाचायला शिकवलं, एकाला मोंढ्यातल्या धान्याच्या पोत्यांवरच्या छापावर, एकाला मिठाच्या पिशवीवर. बापाचे धंदे बदलले, गावं बदलली, कुणाला चार भाऊ दिले, कुणाला एकटं ठेवलं. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. माझं स्वतःचं मात्र राहून गेलं. शेवटच्या दिवशी इंटरनेटवरून 'वाचन ही एक कला आहे' असलं काहीतरी उचललं आणि माझ्या नावावर टाकलं.

पुढच्या बुधवारी सकाळी साडेसहाला फोन आला.

"बाई, लातूरला येता येईल का? हे फोनवर बोलायचं काम नाही."

मी विचारलं, काय झालं सर? ते म्हणाले, तुमच्या भागातल्या नऊ जणांचं लेखन वाचलं. आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. दुसऱ्याच्या नावानं प्रशिक्षण केलं असा एका ओळीचा अहवाल गेला की माझी तीन वर्षं मातीत. बाकीच्या नऊ जणांना नोटीस येईल, ते उत्तर देतील, प्रकरण मिटेल. मी तर कायमही नव्हते, मला नोटीशीचीही गरज नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊन पाय धर. मायला सांगायची तर हिंमतच झाली नाही. रविवारी लोह्याहून एसटी धरली. अहमदपूरपर्यंत मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि पुढं ती सगळी विसरून गेले.

दार सरांनीच उघडलं. समोरून पाहिल्यावर मला ते ओळखूच आले नाहीत. उंच, किरकोळ, इस्त्री केलेला शर्ट आणि खाली घरातली लुंगी. आत जायला वळले तेव्हा मात्र कान ओळखीचा निघाला आणि इतक्या भीतीतही मला हसू आलं.

त्यांच्या मागच्या गच्चीत कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या होत्या. त्या दोऱ्यांवर चिमटे लावून कागद टांगलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ऐंशी जणांचं सगळं लेखन त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं. बसून वाचलं की झोप लागते, म्हणून ते गच्चीत फिरत, हातात लाल पेन घेऊन, दोरीवरचे कागद वाचायचे. वारा आला की शिक्षकांची बालपणं फडफडायची. शेवटच्या दोरीवर फक्त नऊ जणांचे कागद होते.

सरांनी चहा आणला, त्यात साखर नव्हती. ते माझ्या शेजारी उभे राहिले.

"नऊ गावं आहेत," ते म्हणाले. "नऊ बाप आहेत. एक सुतार, एक हमाल, एक देवळाचा पुजारी. सगळे वेगळे, बराबर. पण बाई, नऊ घरांत आई एकच कशी काय?"

मला कळेना. मी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, आणि पाचव्यापर्यंत आल्यावर दिसलं. नऊही ठिकाणी एक आई होती. तिला वाचता येत नव्हतं. ती दिवसभराच्या कामावरून यायची, लेकराच्या पुस्तकातल्या एका अक्षरावर बोट ठेवायची आणि विचारायची, 'हे काय हाय?' एसटीच्या पाटीपाशी तीच, मिठाच्या पिशवीपाशीही तीच. मी बाकी सगळं बदललं होतं आणि माझ्या मायला नऊ घरांत बसवून आले होते. मला ते लिहिताना कळलंही नव्हतं.

मग मी रडले. जे काही होतं ते सगळं सांगितलं, मोबाईल, पासवर्ड, मोर, माझा अहवाल, माझं तिसरं वर्ष. सर बाजूला मान वळवून, कान माझ्याकडं करून, सगळं ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं का? मग ही तिसऱ्या कागदावरची ओळ बघा. इथं तुम्ही घाई केली." आणि खरोखरच लाल पेनानं मला ती ओळ दाखवली. म्हणाले, पहिले तीन रद्दी आहेत, चौथ्यापासून तुम्हाला हात सापडला, आठवा तर मी दोनदा वाचला.

मी विचारलं, सर, तुम्ही वर कळवणार का?

"कळवायचं काय ते नंतर बघू," ते म्हणाले. "तुमचं प्रशिक्षण नऊ वेळा झालं. त्यांचं एकदाही झालं नाही. नुकसान कुणाचं झालं मग? त्यांच्या वर्गातल्या पोरांचं. ते आधी भरून काढा."

त्यांनी अट घातली. आठ दिवसांत त्या नऊ जणांनी आपापला तो दिवस सांगायचा. लिहून नाही, बोलून, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून त्यांना पाठवायचा. लिहायला सांगितलं तर ते पुन्हा तुमच्याकडंच येतील, म्हणाले, आवाज काही तुम्हाला काढता येणार नाही. मी हो हो म्हणत निघाले, तोवर त्यांनी पहिल्या दोरीवरून आणखी एक कागद काढला. तो माझा होता. 'वाचन ही एक कला आहे.' त्यावर सातपैकी शून्य.

"नऊ जणांना आई वाटल्यावर स्वतःला काहीच उरलं नाही काय?" त्यांनी विचारलं. "दहावा आवाज तुमचा पाहिजे."

परतीच्या एसटीत माझ्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे ते नऊ जण.

त्यांना सांगितलं तेव्हा अपेक्षा होती तेच झालं. दोघांनी मला मूर्ख ठरवलं. एकजण म्हणाले, तुम्हाला एवढं साधं काम जमलं नाही. पण भीती सगळ्यांनाच होती, त्यामुळं कुरकुरत का होईना, आवाज जायला लागले. मोठ्या गुरुजींचा आवाज तेवढा आला नाही. दोन दिवस त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही आणि मी मनातल्या मनात माझ्या अहवालावर पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि म्हणाले, माझ्या नावानं काय लिहिलं होतं ते वाचा.

मी वाचलं. हमालाच्या घरची ती गोष्ट. आई संध्याकाळी येते, पाय धुते, पुस्तकावर बोट ठेवते. गुरुजींनी चष्मा काढून हातात धरला. वाचून झाल्यावर म्हणाले, ते आई विचारते तेवढं पुन्हा एकदा वाचा. मी वाचलं. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढं धरला, बोललो आहे, पाठवता येत नाही, म्हणाले. पाठवताना बटण चुकीचं दाबलं गेलं आणि आवाज सुरू झाला. गुरुजी सांगत होते की ते चार वर्षांचे असताना आई गेली. घर मोठं होतं, माणसं पुष्कळ होती, खायला-प्यायला कमी नव्हतं. मास्तरांनी छडी मारली म्हणून अक्षरं आली. "मला कुणी कधी विचारलंच नाही, हे काय हाय म्हणून," एवढं म्हणून आवाज थांबला. मी मान वर केली नाही. गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही लिहिलेली आई बरी होती, बाई." त्याच दुपारी त्यांनी माझा अहवाल लिहून सही केली, चांगला लिहिला, आणि चारही मोबाईल ज्याचे त्याला देऊन टाका असं सांगितलं.

राहिला माझा दहावा आवाज. खरं तर मला सगळं ठाऊक होतं, नऊ वेळा लिहून झालं होतं. पण बोलायला बसले की तेच शब्द यायचे आणि ते दुसऱ्याचे वाटायचे. म्हणून माहेरी गेले आणि मायला विचारलं, मला वाचता आलं तो दिवस तुला आठवतो का? ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"कोन्ता एक दिवस न्हाई. रोज थोडं थोडं आलं."

मी म्हटलं, तू बोट ठेवून विचारायचीस, हे काय हाय. तुला वाचता येत नव्हतं म्हणून तुला सांगता सांगता मी शिकले.

माय हसली. "मला येत व्हतं की."

तिनं सांगितलं, लग्न होऊन आल्यावर वस्तीतल्या बुद्धविहारात बायांसाठी संध्याकाळचा वर्ग चालायचा, त्यात ती दोन हिवाळे गेली होती. जोडाक्षरं अडायची, बाकी सगळं यायचं. मी चिडून विचारलं, मग मला विचारायचीस कशाला?

"तू नुसती व्हट हलवायचीस," ती म्हणाली. "मोठ्यानं बोलायची न्हाईस. शाळेत बी गप, घरी बी गप. म्या इचारलं की मला शिकवायला म्हून मोठ्यानं सांगायचीस. कधी कधी तर म्या मुद्दाम चुकीचं बोलायची. लई राग यायचा तुला."

चार महिने मी ओट्यावर जे व्हिडिओ चालवले होते, ते सगळे मिळून हेच सांगत होते. मी तिथंच अंगणात बसून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जसं झालं तसं सांगितलं, की माझ्या मायला वाचता येतं, हे मला आज कळलं. मागं शेंगा सोलल्याचा आवाज येत होता, तो येऊ दिला.

चार दिवस सरांचा फोन नाही. सकाळी साडेसहाला मी मोबाईल हातात घेऊन बसायचे. पाचव्या दिवशी प्रशिक्षणाच्या ग्रुपवर अंतिम यादी आली. आमची दहाही नावं त्यात होती, पुढं 'पूर्ण'. सरांनी वर पाठवलेल्या पत्राची प्रतही खाली जोडली होती. त्यात लिहिलं होतं, की या भागातल्या दहा शिक्षकांचं पहिलं लेखन त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचं नव्हतं, म्हणून ते बाद करून काम पुन्हा करून घेतलं, आता ते समाधानकारक आहे. कुणाचं नाव नाही आणि एक शब्द खोटा नाही. ते पत्र मी तीनदा वाचलं. मग वर्गाबाहेर पायरीवर बसले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. पोरं विचारायला लागली, बाई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चांगलं झालं. दीड महिन्यानं कायम झाल्याचा आदेश हातात आला. मी खूप खूश झाले, हे सरळ सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सरांना कळवायला फोन केला तर ते म्हणाले, बरं झालं, सातपैकी साडेपाच. दीड गुण कशाचे कापले, असं मी विचारलं. ते म्हणाले, मायला जोडाक्षरं कोणती अडायची हे तुम्ही विचारलं नाही, म्हणून. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. वेळापत्रकात बसत नाहीत, असं कानावर आलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. सकाळचे फोन अजून येतात. हल्ली मोठ्या गुरुजींनाही येतात. गुरुजी निवृत्त होऊन घरी असतात, तरी सर त्यांना विचारतात, आत्ता काय ऐकू येऊन राहिलं? आणि गुरुजी सांगतात म्हणे.

आदेश घेऊन मी मायकडं गेले तेव्हाच तिला सगळं सांगितलं. ती किती घाबरली असती म्हणून आधी लपवलं, हेही सांगितलं. नऊ जणांच्या घरी तिला आई म्हणून बसवलं होतं ते ऐकून ती हसायला लागली. कोण कोण, म्हणाली. मी एकेक नाव घेत गेले. मोठ्या गुरुजींचं नाव आलं आणि तिचं हसणं वाढलं, एवढं की पदर तोंडाला लावावा लागला.

"आगं, तो माझ्याच वयाचा बाप्या," ती म्हणाली. "त्याच्या रानात म्या धा साल खुरपलं. त्याच्या चुलतीनं मला वरून वंजळीत पानी वाढलंय. अन् मी त्याची माय?"

मी म्हटलं, हो, दोन पानं लिहून, त्यांच्या नावानिशी.

ती बराच वेळ हसली. मग मी तिला गुरुजी काय म्हणाले ते सांगितलं. चार वर्षांचे असताना आई गेली, मला कुणी विचारलंच नाही, तुम्ही लिहिलेली आई बरी होती. मायचं हसणं थांबलं. तिनं माझ्या हातातला आदेश घेतला, त्यावरच्या माझ्या नावावर बोट ठेवून ते स्वतःशीच वाचलं आणि कागद नीट घडी करून मला परत दिला.

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याच्याकडं बी ऱ्हाऊ दे मला."